जागेपणीचे तास

हल्लीच्या डिजिटल श्रवणयंत्रात एक छोटीशी सोय असते. ते दिवसभरात किती वेळ चालू होतं याची नोंद स्वतःच ठेवतं. पुढच्या तपासणीला ऑडिओलॉजिस्ट यंत्र संगणकाला जोडतात आणि रोजची सरासरी पडद्यावर येते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठ, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ आणि बॉइज टाउन हे संशोधन रुग्णालय यांनी मिळून सौम्य ते तीव्र श्रवणदोष असलेल्या लहान मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात पालकांनी सांगितलेले तास आणि यंत्राने नोंदवलेले तास शेजारी शेजारी ठेवले गेले. पालकांचा अंदाज सरासरी दोन तासांहून अधिक फुगलेला निघाला. यात कुणी खोटं बोलत होतं असं समजायचं कारण नाही. सकाळी यंत्र घातलं आणि रात्री काढलं एवढं आठवतं. मधल्या तीन झोपा, आंघोळीनंतर लांबलेला वेळ, रिक्षातला प्रवास, बाळाने ओढून काढल्यावर ‘आता राहू दे जरा’ म्हणून गेलेला तास, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. आणि लक्षात न राहिलेला हा वेळ बाळाच्या जागेपणातला मोठा वाटा असू शकतो.

तान्ह्या बाळाच्या श्रवणदोषाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते दोनच गोष्टींवर: तो लवकर कळावा आणि यंत्राची किंमत परवडावी. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना कायमस्वरूपी श्रवणदोष असतो, आणि ज्या गावात ऑडिओलॉजिस्टच नाही तिथे तो कळायलाही वर्षं जातात. पण निदान झालं, पैसे जमले, यंत्र घरी आलं, की काम संपलं असं सगळे धरून चालतात आणि गाडी तिथेच अडते. यंत्र डबीत राहतं. मग काही महिन्यांनी ‘मशीनचा काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो. या लेखाचं म्हणणं असं आहे की फरक पडणं न पडणं बऱ्याच अंशी तासांवर अवलंबून असतं, आणि तास बाळाच्या स्वभावापेक्षा घराच्या रीतीवर जास्त अवलंबून असतात. औषधाची वेळ असते, व्यायामाला सुट्टी असते; झबलं मात्र बाळ उठलं की घातलं जातं आणि त्यावर रोज सकाळी चर्चा होत नाही. श्रवणयंत्राची जागा झबल्याच्या रांगेत आहे. ती औषधाच्या रांगेत गेली की तास घटू लागतात.

तासांचं एवढं काय, याचं उत्तर कानापेक्षा मेंदूत आहे. गर्भाचा कान साधारण चोवीस-पंचवीस आठवड्यांच्या सुमाराला काम करू लागतो. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवलं की तीन दिवसांच्या आतली बाळंसुद्धा चोखण्याची लय बदलून आपल्या आईचा आवाज ‘मागून घेतात’. म्हणजे जन्माआधीच ओळख झालेली असते. ज्याच्या कानात दोष आहे ते बाळ जन्मतःच या ओळखीत काही महिने मागे असतं. पुढे ऐकू येणारी मुलं सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजनांची लड लावतात. ऑलर आणि आयलर्स यांनी १९८८ मध्ये बधिर बाळांचा अभ्यास केला तेव्हा हीच लड त्यांच्यात अकरा महिन्यांनंतर, काहींमध्ये तर दोन वर्षांच्या आसपास सुरू झालेली दिसली. याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, तीही ध्यानात घ्यायला हवी. मेंदूच्या ज्या भागाकडे आवाजाचं काम असतं, तो आवाजावाचून रिकामा बसून राहत नाही. कोलोरॅडोतल्या अनु शर्मा यांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण, मिळालेल्या मुलांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. साडेतीन वर्षांच्या आत ज्यांना आवाज मिळाला त्यांच्या लहरी लवकर सामान्य होत गेल्या; सात वर्षांनंतर मिळाला त्यांच्या बहुतेकांच्या झाल्या नाहीत. आणि क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांचा १९९८चा कोलोरॅडोतलाच दीडशे मुलांचा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यात जास्त उद्धृत होतो, कारण त्यात एक अनपेक्षित गोष्ट होती. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस होती, आणि हा फरक सौम्य दोषापासून अतितीव्र दोषापर्यंत सगळीकडे दिसला. दोष किती, यापेक्षा मदत कधी, हा प्रश्न तिथे मोठा ठरला.

‘कधी’ला जोडून ‘किती तास’ हा प्रश्न आला तो वर उल्लेख केलेल्या अमेरिकी गटाच्या २०१५ मधल्या निष्कर्षांतून. श्रवणदोष असलेली २९० मुलं त्या अभ्यासात होती. दोन ते सहा वर्षांच्या वयात, दिवसाला दहा तासांहून जास्त यंत्र घालणाऱ्या मुलांची भाषा जास्त वेगाने वाढली. यावर शंका घेणं योग्यच आहे. ज्या घरात यंत्र दहा तास कानात राहतं, त्या घरात बाळाशी बोलणंही जास्त होत असेल, पैसा आणि निवांतपणाही असेल. मग श्रेय यंत्राचं की घराचं? अशा अभ्यासात हे पूर्ण सुटं करता येत नाही, आणि बाळांना मुद्दाम यंत्राविना ठेवून कुणी प्रयोग करणार नाही. तरी एक साधा हिशेब उरतो. दिवसाला चार तास यंत्र घालणाऱ्या बाळाला, दहा तास घालणाऱ्याच्या एका वर्षाइतका आवाज कानी पडायला अडीच वर्षं लागतात. घरातलं बोलणं कितीही भरपूर असलं तरी कानापर्यंत न पोचलेलं बोलणं बाळाच्या हिशेबात येत नाही. दहाचा आकडा मात्र तान्ह्या बाळाला जसाच्या तसा लावू नये. चार महिन्यांचं बाळ दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोपतं. त्याच्याकडे जागेपणाचे तासच मुळी आठ ते बारा असतात. म्हणून या वयात आकड्यापेक्षा नियम बरा: जागं आहे तोवर कानात, आंघोळ आणि झोप वगळून.

इथे घरातून पहिला आक्षेप येतो: ‘पण त्याला ऐकू येतं की! थाळी वाजवली तर दचकतो.’ हा आक्षेप आजीचा असतो, प्रेमाचा असतो, आणि त्यात खरंही असतं. मध्यम श्रवणदोष असलेलं बाळ थाळीला, कुकरच्या शिट्टीला, दार आपटण्याला प्रतिसाद देतंच. पण बोलणं थाळीच्या तुलनेत फार हलकं असतं आणि त्याचे सगळे भाग सारख्या जोराचे नसतात. स्वर जड, ठळक. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे झुळकेसारखे, वरच्या पट्टीतले. मराठीत या हलक्या ‘स’वर केवढं व्याकरण तोललेलं आहे ते पाहा. ‘आला’ आणि ‘आलास’, ‘जाते’ आणि ‘जातेस’, ‘खाल्लं’ आणि ‘खाल्लंस’: कुणाबद्दल बोललं जातंय आणि कुणाशी, हे शेवटच्या एका निसटत्या ध्वनीवर ठरतं. ज्याला वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही त्या मुलाला शब्द मिळतात, पण त्यांची टोकं झिजलेली असतात. ते बोलायला लागतं तेव्हा तसंच बोलतं आणि लोक त्याला बोबडं म्हणून हसून सोडून देतात. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत साठ डेसिबलपासून पुढे दोष असेल तरच कर्णदोष मोजला जातो. पंचेचाळीस-पन्नास डेसिबलवाल्या मुलाला त्या मोजमापात स्थान नाही. प्रमाणपत्राचा निकष म्हणून हे ठीक असेल. घराने मात्र त्यावरून ‘फार काही नाही’ असं समजू नये. सौम्य दोष असलेल्या मुलांच्या कानात यंत्र कमी वेळ राहतं, असं त्या अमेरिकी अभ्यासातही दिसलं होतं. ज्यांना थोडक्यात भरपूर मिळू शकलं असतं, त्यांच्याच बाबतीत हयगय होते.

आता रीतीकडे येऊ. बाळंतघराला वेळापत्रक शिकवावं लागत नाही, ते असतंच. बाळ उठतं, शी-शू, दूध, मग तेल, आंघोळ, शेक, दूध, झोप, पुन्हा जाग. या साखळीत यंत्र कुठे अडकवायचं एवढाच प्रश्न आहे. दुपटं बदललं की यंत्र, हा एक पक्का खुंटा होऊ शकतो, कारण दुपटं बदलणं टळत नाही आणि त्या वेळी बाळ उताणं, समोर, हाताशी असतं. सकाळची जाग ते तेल लावणं हा तासाभराचा वेळ सहज फुकट जातो, ‘आता आंघोळच घालायची आहे’ म्हणून. पण सकाळी उठलेलं, पोट भरलेलं बाळ दिवसातलं सगळ्यात तरतरीत असतं. तोच तास हातचा सोडणं परवडत नाही. आंघोळीनंतर मात्र थोडं थांबायचं: कान बाहेरून कोरडा पुसायचा आणि तेलाचा हात साबणाने धुऊनच यंत्राला लावायचा. कानात तेल घालायची आपली जुनी चाल इथे साफ सोडून द्यायला हवी. बालरोगतज्ज्ञ ती एरवीही नकोच म्हणतात. मोल्डच्या, म्हणजे कानाच्या मापाने ओतलेल्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या, बारीक नळीत तेल गेलं तर आवाजाची वाटच बंद होते. कानामागे तेल राहिलं तर यंत्र धरून ठेवणारी दुहेरी चिकटपट्टीही टिकत नाही. तेलमालिश बंद करायची गरज नाही. हात कानाच्या अलीकडे थांबला की पुरे.

टोपड्याचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. परदेशात बाळांच्या यंत्रांसाठी पातळ कापडाच्या, हनुवटीखाली बांधायच्या खास टोप्या विकत मिळतात, आणि आपल्याकडचे पालक त्या मागवतात. हनुवटीखाली बंद बांधायचं टोपडं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिवलं जातंय! फक्त ते जाड असतं, दुहेरी असतं, कुंची तर त्याहून. जाड कापड यंत्राच्या मायक्रोफोनवर आलं की आवाज घुसमटतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. तेच टोपडं जुन्या मऊ मलमलीचं, एकेरी, कानांवर अगदी विरळ ठेवून शिवलं की काम होतं: आवाज आत येतो आणि बाळाचा हात यंत्रापर्यंत पोचत नाही. ज्या आजीला यंत्र पसंत नाही तिच्याकडेच हे शिवण सोपवावं, असं सुचवायचा मोह होतो. कापड चालतं की नाही हे आधी तपासून घ्यायचं. जिथून यंत्र घेतलं त्या केंद्रात यंत्राला जोडून ऐकायची स्टेथोस्कोपसारखी एक नळी मिळते, तिने टोपडं घालून आणि काढून ऐकलं की फरक आपल्याच कानाला कळतो. याशिवाय यंत्राला छोटी दोरी बांधून तिचा चिमटा झबल्याच्या मागे, मानेखाली लावतात. दोरी आखूड हवी आणि पुढच्या बाजूला मुळीच नको.

पाच-सहा महिन्यांचं झालं की बाळ यंत्र उपसतं. हा टप्पा बहुतेक घरांत येतो आणि बहुतेक घरं इथेच हार मानतात. ‘त्याला ते आवडत नाही’ असा अर्थ लावला जातो. त्याच वयात बाळ मोजे उपसतं, आईचं मंगळसूत्र ओढतं, आजोबांचा चष्मा काढतं. हाताला नवी अक्कल आली आहे एवढाच त्याचा अर्थ. पण एक भेद करायला हवा, आणि तो पालकांनीच करायचा आहे. बाळ खेळता खेळता यंत्र काढून तोंडात घालतं तेव्हा ते कुतूहल असतं. यंत्र घातल्या घातल्या रडतं, कान लाल दिसतो, एकाच कानाला हात जातो, मोठा आवाज झाला की डोळे मिटून आक्रसतं, तेव्हा ते काहीतरी सांगत असतं: मोल्ड घट्ट झाला असेल, कानात संसर्ग असेल, यंत्राची वरची मर्यादा जास्त लागली असेल. अशा वेळी चिकाटी दाखवणं चूक आहे, तपासणी गाठायची. कुतूहलाच्या बाबतीत मात्र चिकाटीच हवी, आणि तीही निर्विकार चेहऱ्याने. उपसलं, घातलं. ओरडायचं नाही, हसायचंही नाही, कारण हसलं की तो खेळ होतो आणि या खेळात बाळ कधी थकत नाही. घालताना त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी द्यावं, कुणीतरी समोर बोलत राहावं. चार-पाच वेळा घालूनही रडारड वाढत गेली तर यंत्र बाजूला ठेवायचं, पण ‘उद्या बघू’ म्हणून नाही. पुढचं दूध झालं की परत. आणि काढायचं ते मोठ्यांनी, रडणं जरा ओसरल्यावर काढायचं. रडण्याच्या शिखरावर काढून घेतलं तर रडलं की सुटका होते हे बाळ एका दिवसात शिकतं.

शिट्टी हा दुसरा शत्रू. कानातून बाहेर गळणारा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरला की यंत्र किंचाळतं. अंगावर पाजताना आईच्या दंडाशी कान दाबला जातो तेव्हा, पाळण्यात कुशीवर असताना, कडेवर घेऊन डोकं खांद्याला टेकलं तेव्हा हे होतंच. शेजारपाजारचे दचकतात, आई ओशाळते आणि यंत्र बंद करते. पाजताना दाबल्या बाजूचं यंत्र तेवढ्यापुरतं बंद ठेवून वरच्या कानातलं चालू ठेवणं हा समंजस मार्ग आहे. नाहीतर बाळ आईच्या सगळ्यात जवळ असतं तो वेळच मुका जातो. पण बाळ सरळ बसलेलं असतानाही शिट्टी वाजत असेल तर मोल्ड लहान झाला आहे. पहिल्या वर्षात कान इतक्या भराभर वाढतो की काही आठवड्यांनी, फार तर दोन-तीन महिन्यांनी नवा साचा घ्यावा लागतो. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की नवा मोल्ड पालकांना केंद्राची वरकमाई वाटते. शिट्टी थांबवण्यासाठी घरीच आवाज कमी करणं सगळ्यात वाईट: शिट्टी जाते, त्याबरोबर ‘स’ही जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तिसरी अडचण येते. नळीत पाण्याचा थेंब धरतो आणि यंत्र मुकं होतं, पण कानात नीट बसलेलं असल्याने कुणाला कळत नाही. म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत यंत्र आणि सकाळी घालण्याआधी ऐकून तपासायच्या नळीने स्वतः ऐकणं, हे ठरलेलं हवं. डॅनियल लिंग यांनी या रोजच्या तपासणीसाठी सहा ध्वनी निवडले होते: ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म्’, ‘श्’, ‘स्’. बोलण्याची खालची ते वरची पट्टी त्यांत येते. आधी मोठ्यांनी नळीतून ते ऐकायचे, आणि बाळ जरा मोठं झालं की त्याच्या पाठीमागून म्हणून ते कशाला वळतं ते पाहायचं. एक सक्त सूचना सेलबद्दल. बाळाच्या यंत्राला कुलूप असलेलंच सेलचं झाकण हवं. सेल गिळला किंवा नाकात गेला तर आतली त्वचा भाजते. उलटी काढत बसू नये, थेट रुग्णालयात जावं.

यंत्र कानात असूनही सगळं काम ते करत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. यंत्र मात्र बोलणं आणि मिक्सर दोन्ही वाढवतं; बाळाला त्यांतून निवड करता येत नाही. स्वयंपाकघरातून मारलेली हाक यंत्रातूनही नुसता गोंगाट म्हणून पोचते. हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात म्हटलेलं वाक्य पोचतं. ओरडून बोलण्याचा उपयोग नाही, कारण ओरडताना स्वर फुगतात आणि व्यंजनं दबतात. टीव्ही सतत चालू ठेवायची सवय असलेल्या घरात तो बंद करण्याइतकं स्वस्त आणि परिणामकारक दुसरं काही नाही.

काही आक्षेप भीतीचे आहेत. ‘एवढ्या मोठ्या आवाजाने उरलेलं ऐकू येणंही जाईल’ ही भीती बिनबुडाची नाही. बाळाच्या कानाची पोकळी इवलीशी असते, त्यामुळे तेच यंत्र मोठ्या माणसापेक्षा बाळाच्या कानात जास्त दाब निर्माण करतं. म्हणूनच कानात बारीक नळी घालून तिथला प्रत्यक्ष आवाज मोजून यंत्र लावायचं असतं आणि कमाल आवाजावर मर्यादा बांधायची असते. अशी मोजणी केली का, हे पालकांनी निःसंकोच विचारावं. ओळखीतल्या आजोबांचं जुनं यंत्र बाळाला लावणं किंवा दुकानातून तयार यंत्र उचलून आणणं घातक आहे ते याच कारणाने. मोजून लावलेल्या यंत्राच्या बाबतीत मात्र भीतीचा तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो: यंत्र न घालण्याने होणारं नुकसान नक्की आहे. ‘सवय लागेल’ हा आक्षेप मला कधीच नीट समजला नाही. सवय लागावी म्हणूनच तर हा खटाटोप. ‘त्याचा बापही तीन वर्षांनी बोलला’ याला एवढंच उत्तर की बापाची ‘बेरा’ ही ऐकण्याची तपासणी झालेली नव्हती आणि या बाळाची झाली आहे. उरतो ‘लोक काय म्हणतील’. लोक म्हणतातच. मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंत जाऊन म्हणतात. पण सणासमारंभाला, बारशा-वाढदिवसाला यंत्र काढून ठेवणं म्हणजे ज्या दिवशी घरात सगळ्यात जास्त माणसं, सगळ्यात जास्त आवाज आणि गाणी असतात, तोच दिवस बाळाच्या हिशेबातून वजा करणं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो या लेखावरच येतो. तासांचा हा सगळा हिशेब शेवटी आईच्या डोक्यावर बसतो. यंत्रातली नोंद पडद्यावर येते तेव्हा खोलीत बहुधा तीच बसलेली असते आणि कमी आकड्याचं उत्तर तिलाच द्यावं लागतं. २०१३च्या त्याच अभ्यासात आईचं शिक्षण जास्त असलेल्या घरांत यंत्र जास्त वेळ वापरलं जात होतं. हे वाचून ‘अशिक्षित आयांना कळत नाही’ असा अर्थ काढणं सोपं आहे आणि माझ्या मते चुकीचं. शिक्षणाबरोबर दुसरं बरंच काही येतं: रजा मिळणारी नोकरी, प्रश्न विचारायची हिंमत, लेखी सूचना, मोल्डसाठी चौथ्यांदा शहरात जायचं भाडं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं आणि तिथे यंत्र काढून ठेवण्यात आईचं अज्ञान नसतं. हरवलं तर दुसरं मिळणार नाही हा तिचा हिशेब बरोबरच असतो. म्हणून तास वाढवायचे तर ते काम वाटून घ्यावं लागेल. वडिलांना, आजीला, सांभाळणाऱ्या मावशींना, पाळणाघराच्या ताईंना यंत्र घालता, काढता, ऐकून तपासता आलं पाहिजे. नाहीतर आई कामावर गेली की यंत्र डबीत जातं. केंद्रात शिकवायला फक्त आईला बोलावणं ही तिथली सोय असेल, पण ती बाळाच्या सोयीची नाही.

कर्णबधिर समाजातून येणारं म्हणणं वेगळं आहे. यंत्राच्या मागे लागून मूल ‘नीट’ करण्याच्या नादात त्याला खुणांची भाषा नाकारली जाते आणि यंत्र पुरेसं पडलं नाही तर मूल दोन्हीकडून भाषेविना राहतं, असं ते सांगतात. हा इशारा खरा आहे. अतितीव्र दोषात यंत्र बहुधा पुरत नाही, आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होईपर्यंतचे महिने मोलाचे असतात. त्या काळात हात, चेहरा, खुणा यांतून बाळाला भाषा मिळण्याला यंत्राचा कोणताही अडथळा नाही. पण यातून यंत्र अर्धवट वापरावं असं निघत नाही. यंत्र पुरतं की नाही हे कळायलासुद्धा ते पूर्ण वेळ घालूनच पाहावं लागतं. दिवसाला दोन तास घालून ‘उपयोग नाही’ असा निकाल लागला तर इम्प्लांटबद्दलचा पुढचा निर्णयही अंदाजावरच होतो.

महाराष्ट्रातल्या पालकांना कुठे जायचं हे माहीत असलेलं बरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरहून झाली. जन्मजात श्रवणदोष त्याच्या यादीत आहे आणि त्याच कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू कुटुंबांना यंत्रं मिळतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या इम्प्लांटलाही मदत होते. पण या योजनांचं मोजमाप वाटलेल्या यंत्रांच्या संख्येत होतं. यंत्र बिघडलं की दुरुस्तीला जाऊन परत येईपर्यंत बाळाच्या कानात काय असणार, मोल्ड बदलायचा खर्च वर्षभर कोण देणार, याची तरतूद वाटपाच्या दिवशीच व्हायला हवी. ती झालेली नसते, म्हणून पालकांनीच त्या दिवशी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: दुरुस्तीच्या काळात वापरायला तात्पुरतं यंत्र मिळेल का, पुढच्या मोल्डचं माप कधी द्यायचं, ऐकून तपासायची नळी आणि सिलिका जेलची डबी यंत्राबरोबर आहे का, आणि यंत्रातली तासांची नोंद पुढच्या भेटीत आम्हालाही दाखवाल का. नोंद बघताना घरातली दोन माणसं हजर असतील अशी वेळ मागून घ्यावी. जुना मोल्ड टाकून देऊ नये. नवा हरवला किंवा फाटला तर दुसरा येईपर्यंतचे आठ दिवस जुनाच, शिट्टीसकट का होईना, कानात राहू शकतो.